आर. सी. दत्त रोड हा कोणाचा रस्ता?

मंडळी, लेख लांबलाय. सवडीने वाचा. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींत सध्या एक वाक्य फार चालतंय. "परदेशात प्राध्यापकी करायची, पगार डॉलरात घ्यायचा, आणि कादंबऱ्या मात्र आमच्या जुन्या राजवटींवर लिहायच्या! तिथे बसून यांना इथलं काय कळणार?" लग्नात, मुंजीत, कोजागिरीच्या दुधाला, जिथे चार माणसं जमतात तिथे हेच. म्हणणारे बहुतेक माझ्याच वयाचे, सत्तरी ओलांडलेले. ज्या पुस्तकांवर ते बोलतात त्यांचं एकही पान बहुतेकांनी उलटलेलं नसतं. मी या वादात पडत नव्हतो. आता पडतोय, कारण या वाक्यापायी एका घरातली कागदांची पेटी बंद राहिली आहे. पेटीकडे नंतर येतो. आधी एका रस्त्याकडे चला.

आर. सी. दत्त रोड. बडोदेकरांना पत्ता सांगायला नको. स्टेशनातून अलकापुरीच्या बाजूला बाहेर पडलं की रिक्षावाला नुसतं नाव ऐकून नेतो. बँका, हॉटेलं, दवाखाने, दुकानं, सगळं त्या रस्त्यावर. मी गेल्या महिन्यात सहज म्हणून आपल्यातल्या सात-आठ जणांना विचारलं, हे दत्त कोण हो? एक म्हणाले, जुने बिल्डर असतील. एका वहिनींना वाटलं, पूर्वी तिथे दत्ताचं देऊळ असावं. एकाने तर "इंग्रजांच्या वेळचा कोणी कलेक्टर" असं सांगितलं. तो त्यातल्या त्यात जवळ पोचला म्हणायचा.

तर हे रमेशचंद्र दत्त. जन्म १८४८, कलकत्ता. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या बरोबर विलायतेला जाऊन १८६९ मध्ये आय. सी. एस. ची परीक्षा पास झाले. बंगाल-ओरिसात जिल्ह्याजिल्ह्यांत नोकरी केली, कमिशनरच्या जागेपर्यंत चढले आणि १८९७ मध्ये, मुदतीच्या आधीच, राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हिंदुस्थानच्या इतिहासाचे अध्यापक. १८९९ मध्ये लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष. पुढे आपल्या सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्याला बोलावून घेतलं. १९०४ पासून महसूलमंत्री, १९०९ मध्ये दिवाण, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इथेच, बडोद्यात, वारले.

आम्ही कॉमर्सला होतो तेव्हा आर्थिक इतिहासाच्या पेपरात दादाभाई, रानडे आणि दत्त ही तीन नावं घोकून जायची. संपत्तीचं निःसारण, पाच मार्क. परीक्षा संपली, दत्त संपले. ते ज्या गावात वारले त्याच गावात बसून आम्ही ते पाठ करत होतो, हे वर्गात कोणी सांगितलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे गृहस्थ कादंबरीकार होते. सामाजिकही लिहिल्या, पण पहिल्या चार ऐतिहासिक, बंगालीत, १८७४ ते १८७९ या सहा वर्षांतल्या. 'बंगविजेता' अकबराच्या वेळच्या बंगालवर, तोडरमलाच्या स्वारीच्या काळातली. 'माधवीकंकण' शहाजहानच्या मुलांमधल्या भाऊबंदकीच्या काळावर. 'राजपूत जीवनसंध्या' राणा प्रतापाच्या काळावर. आणि १८७८ मधली 'महाराष्ट्र जीवनप्रभात', जी आपल्या शिवाजी महाराजांवर. चारींत मिळून मोगल अमदानीची शंभर वर्षं येतात, म्हणून पुढे त्या 'शतवर्ष' या एकाच नावाखाली एकत्र निघाल्या. यांतली 'माधवीकंकण' तर त्यांनी स्वतः इंग्रजीत आणली आणि ती मरणाच्या वर्षीच लंडनला छापली गेली. (अकबर-शिवाजीचा काळ 'मध्ययुगीन' कसा, असं कोणी विचारील. युरोपच्या हिशेबाने नाही. पण आपल्या शाळेच्या पुस्तकात मध्ययुग औरंगजेबापर्यंत चालतं, मीही तेच धरलंय.)

म्हणजे बघा. लंडनच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा बंगाली माणूस, आणि मध्ययुगीन कादंबऱ्यांपैकी एक थेट आपल्या दैवतावर. आजच्या आपल्या मंडळींसमोर तो आला असता तर? कुठला, कोण, मराठी येतं का, कधी गड चढलाय का, असे चार प्रश्न विचारून त्याला दारातूनच परत पाठवला असता.

आणि खरं सांगायचं तर चारींतल्या दोन प्रश्नांची उत्तरं वाईटच आली असती. 'जीवनप्रभात' लिहिली तेव्हा दत्त तिशीचे होते आणि बंगालच्या मुलखात सरकारी नोकरी करत होते. बंगालीत लिहावं हेसुद्धा त्यांना बंकिमचंद्रांनी सुचवलं. आपल्याला बंगाली लेखनाची शैली ठाऊक नाही असं यांनी म्हटल्यावर, तुमच्यासारखी शिकलेली माणसं जे लिहितील तीच शैली, असं बंकिमबाबूंनी समजावलं होतं. मराठ्यांचा सलग इतिहास म्हणावा असं त्या काळी इंग्रजी वाचणाऱ्यापुढे काय होतं? १८२६ सालचा ग्रँट डफ. बखरींपर्यंत बंगालातला माणूस पोचणार कसा?

मी ती कादंबरी हिंदी अनुवादातून वाचली आहे. दोनदा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण सवय जात नाही. शाहिस्तेखान, जयसिंग सगळं येतं. पण नायक कोण? रघुनाथजी हवालदार, महाराजांच्या सैन्यातला एक तरुण राजपूत! मराठा नाही, मावळा नाही, राजपूत. टॉडचं 'राजस्थान' वाचून त्या पिढीतल्या बंगाली लेखकांच्या डोक्यात शौर्य म्हटलं की राजपूतच यायचा, त्यामुळे महाराष्ट्रावर लिहितानाही मधे एक राजपूत बसवल्याशिवाय यांना चैन पडलं नाही. मला ते खटकलं. गड, तलवार, प्रेम आणि फितुरी, असा तो सगळा मामला आहे. भाषणं तर लांबच लांब. कोणी म्हणेल हा दूर बसून लिहिण्याचा दोष. मान्य. अर्धा मान्य.

अर्धाच का? तर आपल्या गावात, आपल्या भाषेत, सह्याद्रीच्या कुशीत बसून लिहिलेल्या कादंबऱ्यांमध्ये काय वेगळं असतं ते सांगा. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ मधली, दत्तांच्या आधी सात वर्षं. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. आणि गुंजीकर हे जांबोटीचे, म्हणजे बेळगावकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' त्यानंतर, १८९० च्या दशकात. तिथून आजतागायत आपण या वाटेवर चालतोय. मीही वाचल्या, रात्र रात्र जागून वाचल्या, त्यांच्यावर वाढलो. पण आपल्यातले किती लोक त्या कादंबऱ्यांतला संवाद इतिहास म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर फेकतात, ते मी रोज बघतो. कादंबरीकाराने रात्री दोन वाजता रचलेलं वाक्य सकाळी नातवाच्या भाषणात 'महाराज म्हणाले' होऊन येतं! लेखक पुण्याचा की कोल्हापूरचा एवढं विचारून आपण त्याला पास करतो. व्हाउचर कोणी मागत नाही.

छत्तीस वर्षं बँकेत काढली. तिथे एक गोष्ट शिकलो, की नोंद कोणी केली याला किंमत नाही. चीफ मॅनेजरने केलेली नोंदसुद्धा व्हाउचर नसेल तर इन्स्पेक्शनमध्ये लाल होते आणि शिपायाने आणून दिलेली चिठ्ठी बरोबर असेल तर टॅली होते. जिचा पत्ता लागत नाही ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची, उगाच कोणाच्या नावे चढवायची नाही. आपल्या इतिहासातला 'ध चा मा' गेली अडीचशे वर्षं आनंदीबाईच्या खात्यावर नावे पडून आहे. असल्या किती नोंदी सस्पेन्समध्ये असायला हव्या होत्या!

आता दत्तांचं दुसरं पुस्तक घ्या. तेच दत्त, पण लंडनला गेल्यानंतरचे. 'हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास', दोन भाग, १९०२ आणि १९०४. कादंबरीत जो शेतकरी दिसत नाही तो इथे पानापानावर आहे. बंगालचा आहे, मद्रासचा आहे आणि आपला दख्खनचाही आहे. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या साहेबाने जमिनीची मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. निव्वळ उत्पन्नाचे अंदाजच फुगवलेले. तो सारा भरता येईना, थकबाकी वाढली, माणसं गावं सोडून गेली, जमिनी पडीक पडल्या. मग १८३५ च्या सुमारास इंदापूरपासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्याने आकारणी सुरू केली. शाळेत आपण पानिपत शिकलो, खर्डा शिकलो. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी घरातली भांडी विकून सारा भरला, हे कोणी शिकवलं?

आणि हे दत्तांना कुठे सापडलं? पुण्यात नाही. लंडनमध्ये! पार्लमेंटच्या निळ्या पुस्तकांत, कंपनीच्या चौकशी-अहवालांत, साहेबांच्याच साक्षींमध्ये. कागद तिकडे गेले होते, म्हणून माणूस तिकडे गेल्यावर ते हाती लागले. तिशीतला दत्त बंगालमध्ये, म्हणजे हिंदुस्थानातच बसून लिहीत होता, तेव्हा त्याच्या हातून राजपूत हवालदार निघाला. पन्नाशीतला दत्त सातासमुद्रापार बसला, तेव्हा त्याच्या हातून इंदापूरचा कुणबी निघाला. 'तिथे बसून काय कळणार' म्हणणाऱ्यांनी या हिशेबाचं उत्तर द्यावं. मी वाट बघतो.

कर्झनसाहेबाला मात्र चांगलंच कळलं होतं. दुष्काळ आणि जमीनसारा यांवर दत्तांनी १९०० मध्ये त्याला उघड पत्रं लिहिली, ती इतकी झोंबली की १९०२ मध्ये सरकारला सविस्तर ठराव काढून उत्तर द्यावं लागलं. आणि अशा माणसाला दोन वर्षांनी सयाजीराव महाराजांनी महसूलखात्यावर नेमलं! इंग्रज रेसिडेंट उशाशी बसलेला असताना. महाराज स्वतः नाशिककडच्या कवळाण्याहून आलेले. त्यांनी 'हा बंगाली, लंडनहून आलेला, याला आपल्या कुणब्याचं काय कळणार' असं म्हटलं नाही.

याच काळात बडोद्यात आणखी एक गृहस्थ होते. गोविंद सखाराम सरदेसाई, राजपुत्रांचे शिक्षक. १८८९ ते १९२५ इथल्या नोकरीत. मराठी माणूस ज्याला 'रियासत' म्हणतो ती इथे, गुजरातच्या भूमीवर सुरू झाली. आधी १८९८ मध्ये मुसलमानी रियासत, मग १९०२ पासून मराठी. पुण्याच्या संशोधकांनी सरदेसायांना आणि त्यांचे स्नेही जदुनाथ सरकारांना किती बोल लावले! सरकार बंगाली, शिवाजी महाराजांवर इंग्रजीत लिहिणारे. काही टीका रास्तही होती, कागदांवरची होती. पण तिच्या आडून 'तुम्ही बाहेरचे' हाही सूर होताच. तो आपल्या वडीलमंडळींना चांगला झोंबला होता, कारण सरदेसाई बडोद्याचे, म्हणजे आपले. आता तोच सूर आपण दुसऱ्यावर लावतोय. आपण, ज्यांना पुण्याच्या लग्नात अजूनही "तुमचं मराठी जरा गुजराती वळणाचं आहे नाही?" असं हसून विचारतात!

सखाराम गणेश देउस्करांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मराठी घराणं, देवघरकडे स्थायिक झालेलं. या माणसाने १९०४ मध्ये 'देशेर कथा' लिहिलं, बंगालीत, देशाच्या लुटीचे आकडे मांडत. पुढे इंग्रजांनी त्याच्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सवाच्या मागे हेच. रवींद्रनाथांची शिवाजी महाराजांवरची कविता यांच्याच पुस्तिकेसाठी लिहिलेली. म्हणजे बंगाली माणूस मराठ्यांवर कादंबरी लिहून शेवटी बडोद्याला येतो, आणि मराठी माणूस बंगालीत लिहून बंगाल हलवतो. यांतला कोण 'तिथे बसलेला' आणि कोण 'इथला'?

आता पेटी.

आपल्याच एका जुन्या घरातला मुलगा. नाव लिहीत नाही, घर ओळखणारे ओळखतील, त्यांनीही इथे लिहू नये. परदेशातल्या विद्यापीठात इतिहास शिकवतो. त्याला दमाजीराव गायकवाडांच्या काळावर कादंबरी लिहायची आहे. १७५१ मध्ये पेशव्यांनी दमाजीरावांना पुण्यात कैदेत ठेवलं आणि अर्ध्या गुजरातचा करार करून मग सोडलं, तिथपासून पानिपतावरून परत येऊन त्यांनी गुजरातेत बस्तान बसवलं तिथपर्यंत. त्याने नातलगांना आणि आणखी चार घरांना पत्रं लिहून विचारलं, तुमच्याकडे त्या काळातले मोडी कागद असतील तर फोटो काढू द्याल का? मूळ कागद मागितले नाहीत. फोटो. चार घरांनी उत्तरच दिलं नाही. आणि त्याच्या सख्ख्या आजीच्या घरात पेटी असून काका म्हणाले, "तिकडे बसून आमची लक्तरं वेशीवर टांगणार, वर पुस्तकाचे पैसे करणार!"

काकांच्या तोंडून खरी गोष्ट निघून गेली, बरं झालं. लक्तरं. भीती त्याच्या दूर असण्याची नाहीच, कागदांच्या जवळ येण्याची आहे. पेशवे आणि गायकवाड यांच्या झगड्यात आपल्यातलं कोणतं घर कोणाकडे होतं, इनाम कशाबद्दल मिळालं, कोणाच्या कर्जाची फेड कोणाच्या गावातून झाली, वाड्यात कोणाच्या नावे वर्षासन चालू होतं आणि त्या बाईचा घराशी संबंध काय, हे त्या कागदांत असणार. आमच्याही घरच्या कागदांत आहे. एका पूर्वजाने एकाच गावचा वसूल दोघांना दाखवलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. बँकेत असता तर सस्पेंड झाला असता.

मुलाने वाईट कादंबरी लिहिली तर? लिहील कदाचित. दमाजीरावांच्या तोंडी लांब भाषणं घालील, मधे एखादी परदेशी वाचकाला आवडणारी नर्तकी आणील. तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसेन आणि इथेच तुम्हाला पानं-ओळींसकट सांगेन. पण कागद न देता आधीच त्याला खोटा ठरवणं ही कुठली रीत? कागद दिले नाहीत तर तो ग्रँट डफच वाचणार. दत्तांनी वाचला तसा. मग पुन्हा राजपूत हवालदार निघाला की बोंब मारायला आपणच पुढे.

आणि पेटीतल्या कागदांचं काय होतंय तेही बघा. दांडिया बाजारातला एक वाडा पाडला तेव्हा दोन पोती मोडी कागद पस्तीवाल्याकडे गेले. किलोने. ते परदेशी प्राध्यापकाने नेले नव्हते. घरच्यांनी दिले होते, इथेच बसून, अस्सल मराठीत भाव ठरवून.

मी मुलाला कळवलंय की माझे कागद बघ. पण फुकट नाही, आणि माझ्या अटी त्याने बिनतक्रार मान्य केल्या. प्रत्येक कागदाला नंबर. सेफ कस्टडीच्या रजिस्टरसारखं रजिस्टर, त्यात दोघांच्या सह्या. फोटोंची एक पूर्ण प्रत माझ्याकडे, एक त्याच्याकडे, आणि एक इथल्या ज्या संस्थेला हवी असेल तिला. पुस्तकात शेवटी दोन पानं: कोणतं प्रकरण कागदावरून, कोणतं डोक्यातून. कादंबरी असली तरी.

यादी करून झाली. ६१ सुटे कागद, ४ हिशेबी चोपडे, एका चोपड्याची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत, वय ८३, त्यांनी आतापर्यंत १९ कागद वाचून दिलेत. दर रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे येतात, अकरा वाजता त्यांना चहा लागतो, साखर नाही. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी मला खाजगीत कळवा, तेही वाचून देतील. कागद जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, घाम धरतात.